शेल स्क्रिप्टमधील अक्षररूपांतर आणि रोमन लिपीतील मराठी नावे

प्रस्तावना

देवनागरी लिपीत कॅपिटल व स्मॉल असा अक्षरभेद नाही. रोमन लिपीत तो आहे आणि संगणक या दोन रूपांना स्वतंत्र अक्षरे मानतो. रोमन लिपीतील एखाद्या यादीत ‘रत्नागिरी’ हे नाव एका ठिकाणी पूर्णपणे कॅपिटल अक्षरांत व दुसऱ्या ठिकाणी केवळ आद्याक्षर कॅपिटल ठेवून लिहिले असल्यास संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न गावे ठरतात. म्हणून छाननीपूर्वी सर्व अक्षरे एकाच रूपात आणली जातात. युनिक्स व लिनक्स प्रणालींत हे काम शेल स्क्रिप्टद्वारे, म्हणजे आज्ञांच्या लिखित क्रमाद्वारे होते. प्रस्तुत लेखात या रूपांतराची रीत आणि मराठी मजकुराबाबत तिची मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

रूपांतराची रीत

आस्की संकेतप्रणालीच्या १९६७ च्या आवृत्तीत स्मॉल अक्षरांना स्थान मिळाले. कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५, तर स्मॉल ‘ए’चा ९७ आहे. सर्व २६ जोड्यांत हेच ३२ चे अंतर, म्हणजे केवळ एका बिटाचा फरक आहे. त्यामुळे रूपांतर सुलभ व वेगवान होते. ‘टीआर’ या आज्ञेस दोन अक्षरसंच दिले असता ती पहिल्या संचातील अक्षराच्या जागी दुसऱ्यातील समस्थानी अक्षर ठेवते. विशिष्ट स्तंभच बदलावयाचा असल्यास ‘ऑक’ उपयुक्त ठरते. २००९ मध्ये आलेल्या ‘बॅश’च्या चौथ्या आवृत्तीपासून महिरपी कंसात चलाच्या नावापुढे दोन स्वल्पविराम दिल्यास त्यातील अक्षरे स्मॉल होतात.

मराठी मजकुराबाबत मर्यादा

युनिकोडमधील देवनागरी मजकुरावर या रूपांतराचा परिणाम होत नाही, कारण त्यात बदलण्याजोगी जोडीच नसते. खरा धोका आयट्रान्स पद्धतीने लिहिलेल्या मराठीस आहे. देवनागरीतील वर्ण रोमन कळफलकावर लिहिता यावेत यासाठी या पद्धतीने कॅपिटल व स्मॉल अक्षरांना निरनिराळे उच्चार दिले आहेत. स्मॉल ‘एन’ म्हणजे न, कॅपिटल ‘एन’ म्हणजे ण. स्मॉल ‘एल’ म्हणजे ल, कॅपिटल ‘एल’ म्हणजे ळ. स्मॉल ‘डी’ म्हणजे द, कॅपिटल ‘डी’ म्हणजे ड. इंग्रजीत जो भेद केवळ लेखनाचा, तो येथे वर्णाचा आहे.

अशी यादी सरसकट स्मॉल अक्षरांत बदलून पुन्हा देवनागरीत आणल्यास रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्यांची नावेच पालटतात. चिपळूणचे ‘चिपलुन’, दापोलीचे ‘दपोलि’ आणि खेडचे ‘खेद’ होते. आज्ञा कोणतीही त्रुटी दर्शवीत नाही. तिच्या दृष्टीने काम अचूक झालेले असते. शिवाय हा बदल उलट फिरविता येत नाही. ‘खेद’ हा शब्द मुळात खेद होता की खेड, हे बदललेल्या मजकुरावरून ठरविता येत नाही.

निष्कर्ष

आयट्रान्समधील मजकूर प्रथम युनिकोड देवनागरीत आणावा व नंतरच त्याची छाननी करावी. इंग्रजी वर्णलेखनातील नावांची तुलना करताना स्मॉल अक्षरांतील रूप वेगळ्या स्तंभात ठेवावे. मूळ स्तंभ अबाधित राहावा. रूपांतराचा परिणाम मूळ फाइलच्याच नावाने साठविण्याचा आदेश देऊ नये, कारण शेल ती फाइल वाचण्यापूर्वीच रिकामी करते. आज्ञा एका ओळीची असली, तरी मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे याची खातरजमा ही तिची पूर्वअट होय.