आधी पाऊल, मग मन

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधननंतर भूगाव. इथली भाताची खाचरं गेल्या वीसेक वर्षांत सोसायट्यांखाली गेली. दुपारी चार-पाचच्या सुमाराला या सोसायट्यांमधल्या बाकांवर बसलेली मंडळी पाहिली तर त्यांत एक मोठा गट दिसतो. मुलगा-सून आयटीत, नातू शाळेत, आणि गावाकडचं घर कुलूप लावून इथे राहायला आलेले आई किंवा वडील. बऱ्याचदा दोघांतलं एकच उरलेलं.

त्यांच्यातल्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. ते कुणा एकीचं नाही. नेहमी कानावर पडणाऱ्या तक्रारींवरून बेतलेलं आहे, तेव्हा ओळखीची खूण शोधू नये. वय एकसष्ट. कऱ्हाडजवळच्या गावी घर, दारात म्हैस, आळीभर ओळखी. यजमान गेल्यावर मुलाने इकडे आणलं. पहिले काही महिने बरे गेले. मग पाठ धरली, डोकं जड राहू लागलं, पहाटे तीनला जाग येऊ लागली. मालिका बघणं सुटलं, जेवणाची चव गेली. थायरॉइड तपासलं, बी-12 तपासलं, पाठीचा एमआरआय झाला. अहवाल सगळे चांगले. "आई, तुला इथे कमी काय आहे?" मुलगा प्रेमानेच विचारतो. काकूंना उत्तर सापडत नाही, आणि सापडत नाही याचीच लाज वाटते.

काकूंनी 'मी उदास आहे' असं कधीच म्हटलेलं नाही. आपल्याकडे नैराश्य बहुतेक वेळा अंगदुखी, थकवा, झोप उडणं अशा वेषात दवाखान्यात येतं. डॉक्टर ते ओळखायला एक साधी प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: कशात रस वाटतो का, झोप कशी आहे, भूक कशी आहे, लक्ष लागतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का, मरणाचे विचार येतात का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की नीट तपासणी करायला हवी असं समजतात. दुःख आणि नैराश्य यांतला फरक इथे दिसतो. नवरा गेल्यावर रडू येणारच, पण त्या दुःखातही नातवाच्या एखाद्या बोलण्यावर हसू फुटतं. नैराश्यात ते हसूच आटतं, आणि ही अवस्था आठवडेच्या आठवडे, जवळजवळ रोज, दिवसभर टिकते.

यावर घरोघरी मिळणारा सल्ला म्हणजे 'मन घट्ट कर'. 2017 साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती याच भूगावात झाली. तिथे एखाद्या मल्लाचा गुडघा निखळला असता तर त्याला कुणी 'गुडघा घट्ट कर' म्हणालं असतं का? नैराश्यात नेमकी इच्छाशक्तीच आजारी पडलेली असते. तिच्याच जोरावर बरं व्हायला सांगणं हे जखमी पायावर उभं राहून लढ म्हणण्यासारखं आहे.

मग उपचार कुठून सुरू करायचा? गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने याचं एक उत्तर दिलं आहे. ऐकायला ते इतकं साधं आहे की विश्वास बसत नाही. आपली समजूत अशी, की मन बरं झालं की माणूस कामाला लागेल. 1970च्या दशकात पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ही साखळी उलटी धरून पाहिली. माणूस खचतो तेव्हा तो एकेक गोष्ट सोडत जातो: फिरणं, फोन, देवळात जाणं, स्वयंपाकातला हात. प्रत्येक सुटलेल्या गोष्टीबरोबर थोडं समाधान, थोडी दाद, थोडा माणसांचा सहवास जातो. मग मन आणखी खचतं आणि आणखी काही सुटतं. हे चक्र मनाच्या बाजूने फिरवता येत नसेल तर कृतीच्या बाजूने फिरवावं. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दीडशे रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की विचार बदलण्याची संपूर्ण उपचारपद्धती आणि तिच्यातला फक्त कृतीचा भाग, दोन्हींचा गुण सारखाच येतो.

या साधेपणाचा आपल्यासारख्या देशाला मोठा उपयोग आहे. भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ धड येत नाही. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नसल्याचं आढळलं. पण विचारांची गुंतागुंत सोडवायला तज्ज्ञ लागत असला, तरी कृतीचं वेळापत्रक बसवायला शिकवलेली साधी व्यक्ती पुरेल का?

हे पाहिलं गेलं शेजारच्या गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेने तिथे केलेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगाचं नावच 'मानस' होतं. (भूगावच्या तळ्यालाही सगळे मानस लेकच म्हणतात, हा निव्वळ योगायोग.) 24 दवाखान्यांतले सुमारे 2,800 रुग्ण त्यात होते. निम्म्या दवाखान्यांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशक नेमल्या. 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत, नैराश्य किंवा चिंताविकाराचं निदान पक्कं झालेल्यांपैकी समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे 66 टक्के लोक सहा महिन्यांत बरे झाले. नसलेल्या ठिकाणी 42 टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाही. फॅमिली डॉक्टर मुळातच वेळ देतो, घर ओळखतो, हे त्याचं एक कारण असू शकतं. मला स्वतःला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो, कारण तसे डॉक्टर आता झपाट्याने कमी होताहेत.

दुसरा प्रयोग फक्त नैराश्यावर होता, आणि तोही सौम्य नव्हे, तर बऱ्यापैकी तीव्र. दहा आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठका दिल्या. प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. भर कृतीवर. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी 39 टक्के. वर्षानंतरही गुण टिकून होता. समुपदेशक गावातलीच माणसं, शालेय शिक्षण झालेली. काही आठवडे वर्गात शिकलेली आणि पुढे कामावर घडलेली. ती एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून चुका दाखवत. आणखी एक शहाणपण त्यांनी दाखवलं. 'डिप्रेशन' या शब्दाने लोक बिचकतात, म्हणून ते 'टेन्शन'पासून बोलायला सुरुवात करत.

काकूंच्या बाबतीत हे कसं दिसेल? पहिल्या बैठकीत उपदेश नसतो. एक कागद मिळतो. रोज काय केलं आणि तेव्हा मन दहापैकी किती बरं होतं, एवढंच लिहायचं. आठवड्याने कागद बघताना दिसतं, की दिवसभर दोनवर असलेलं मन संध्याकाळी दूध आणायला खाली गेल्यावर तीनवर गेलं होतं. तो एक गुण पकडायचा. पुढच्या आठवड्याचं काम ठरतं: दूध घेतल्यावर लगेच वर यायचं नाही, बाकावर दहा मिनिटं बसून मेथी निवडायची. मंगळवारी दुपारी बहिणीला फोन. बस्स. त्या आठवड्यात काकू दोनदाच बसतात, एक दिवस पाऊस येतो, एक दिवस उठवतच नाही. समुपदेशक रागावत नाही. पाऊस आला तर जिन्यात बसून निवडायची, असं पर्यायी काम ठरतं. इच्छा झाली तर जाईन, हे चालत नाही. वेळ झाली म्हणून जायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेजारच्या विंगमधल्या कुणीतरी मेथीच्या निमित्ताने बाकावर येऊन बसतं. गोव्याच्या समुपदेशकांचं निम्मं काम असंच होतं: रुग्णाला त्याच्या स्वतःच्या माणसांपर्यंत परत पोचवणं.

चिंतेच्या आजारातही माघारीचंच चक्र असतं, फक्त ते वेगाने फिरतं. दुचाकीवरून चांदणी चौकात अडकलेल्या तरुणाला अचानक छातीत धडधड होते, घाम फुटतो, आपण आता मरणार असं वाटतं. ईसीजी नॉर्मल येतो. शरीराने धोक्याची घंटा चुकून वाजवलेली असते. अॅड्रेनालिन वाढलं, हृदय पळालं, इतकंच. हा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिखर गाठतो आणि मग ओसरतो. पण तो दुसऱ्या दिवशी रस्ता टाळतो, टाळल्यावर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातून मेंदू शिकतो की रस्ता खरंच धोक्याचा होता. मग चौक सुटतो, पूल सुटतो, शेवटी ऑफिस. उपचार म्हणजे पायऱ्या लावून परत जाणं: आधी मित्राच्या मागे बसून, मग रविवारी सकाळी एकट्याने, मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबायचं. पळून गेलो तर धडा उलटा पडतो.

गोळ्यांबद्दल थोडं. मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं, ही सोपी गोष्ट शास्त्रज्ञ आता तशी सांगत नाहीत. तरी मध्यम आणि तीव्र नैराश्यात एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधं अनेकांना गुण देतात. त्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढ्यात लोक 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवावी लागतात, आणि थांबवायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. सवय लागते ती अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची. शेजाऱ्याने दिली म्हणून किंवा जुनी चिठ्ठी दाखवून त्या वर्षानुवर्षं घेणारे पुष्कळ आहेत. या दोन प्रकारच्या गोळ्यांत लोक सर्रास गल्लत करतात.

गोव्यातही तिघांतला एक जण तीन महिन्यांत सावरला नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. जेवण तुटलं, अंथरूण सुटत नाही, मरणाची भाषा येते, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे सरकारी सोय आहे. मरणाचे विचार येतात का, हे घरच्यांनी सरळ विचारावं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलणाऱ्याला सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नये आणि औषधांचा डबा, कीटकनाशक घरातून हलवावं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही, घरातलं कुणीही करू शकतं.

काकूंच्या मुलाला करता येईल असं कामही त्या कागदातच असतं. 'तुला कमी काय आहे' हा प्रश्न त्याने काही दिवस बाजूला ठेवायचा. त्याऐवजी पाच वाजता घरी असेल त्या दिवशी म्हणायचं, "आई, मी खाली भाजीला चाललोय, चल." नाही म्हणाली तर वाद घालायचा नाही. उद्या पाच वाजता परत विचारायचं.