मलाक्काची सामुद्रधुनी: टोल नाही, सिग्नल नाही, मग जहाजं एकमेकांवर आपटत का नाहीत?

फोनवर मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर यांपैकी कुठलंही ॲप उघडा (फुकट आहेत) आणि नकाशा सिंगापूरवर आणा. रंगीबेरंगी त्रिकोणांची मुंग्यांसारखी रांग दिसेल. एकेक त्रिकोण म्हणजे एकेक जहाज. थोडं झूम केलं की लक्षात येईल, रांग एक नाहीये, दोन आहेत. पूर्वेकडे जाणारी जहाजं खालच्या बाजूने, पश्चिमेकडे येणारी वरच्या बाजूने. समुद्रात पांढरे पट्टे मारलेले नाहीत, चौकात मामा उभा नाही. तरी शिस्त आपल्या हायवेपेक्षा बरी आहे!

ही शिस्त आली कुठून? थोडी तंत्रज्ञानातून, थोडी करारांतून, आणि बरीचशी तीन शेजारी देशांच्या पन्नास वर्षांच्या चिकाटीतून. आधी जागा समजून घेऊ.

सी-लिंकच्या निम्म्या रुंदीची गल्ली

एका बाजूला इंडोनेशियाचं सुमात्रा बेट, दुसऱ्या बाजूला मलेशिया, आणि टोकाला सिंगापूर. यांच्यामधली मलाक्का आणि सिंगापूर सामुद्रधुनी मिळून साधारण ९०० किलोमीटर लांब आहे. हिंदी महासागरातून चीन, जपान, कोरियाकडे जायचा हा सगळ्यात जवळचा रस्ता. रोज दोन कोटी बॅरलहून जास्त तेल इथून जातं. २०२४ साली इथून ९० हजारांहून जास्त जहाजांच्या फेऱ्या नोंदवल्या गेल्या. तुमच्या हातातला फोन चीनमध्ये बनलेला असेल किंवा त्याचे सुटे भाग तिकडून बोटीने आले असतील, तर बहुतेक याच रस्त्याने आले.

आता अडचण बघा. सिंगापूरच्या दक्षिणेला फिलिप्स चॅनल नावाचा भाग आहे, तिथे हा रस्ता जेमतेम २.८ किलोमीटर रुंद उरतो. वांद्रे-वरळी सी-लिंक ५.६ किलोमीटर लांब आहे, त्याच्या बरोब्बर निम्मा. एवढ्या जागेत ३३० मीटर लांबीचे तेलाचे टँकर जातात. त्यांना ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवलं तरी थांबायला काही किलोमीटर लागतात.

खोलीचाही प्रश्न आहे. काही ठिकाणी पाणी २३ ते २५ मीटरच आहे आणि भरलेला मोठा टँकर २० मीटरपर्यंत पाण्याखाली असतो. म्हणून नियम असा, की मोठ्या जहाजांचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यात कायम निदान साडेतीन मीटर अंतर हवं. साधारण एका मजल्याची उंची. भरती-ओहोटी बघूनच अशा जहाजांना वेळ काढावी लागते. अवघड पट्ट्यांमध्ये वेगही १२ नॉटच्या आत, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर.

एका अपघातानंतर

६ जानेवारी १९७५ ला शोवा मारू नावाचा जपानी टँकर सिंगापूरजवळ खडकावर चढला आणि त्यातलं तेल समुद्रात सांडलं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) समुद्र तीन देशांचा, जहाज चौथ्या देशाचं, तेल आखातातलं. साफ कोणी करायचं?

त्याच वर्षी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी तिघांच्या तज्ज्ञांचा एक कायमचा गट बनवला. तो गट आजही काम करतो. या तीन देशांनी मांडलेल्या वाहतुकीच्या मार्गिका १९७७ साली आयएमओने, म्हणजे लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, मंजूर केल्या. १९८१ पासून त्या लागू आहेत. नकाशावर दिसणाऱ्या दोन रांगा त्या याच. समुद्रात सगळे उजवीकडून चालतात, आपल्यासारखं डावीकडून नाही.

१९९८ च्या डिसेंबरपासून आणखी एक गोष्ट सक्तीची झाली: हजेरी. सामुद्रधुनीचे नऊ विभाग पाडलेत. मोठं जहाज नवीन विभागात शिरलं की त्याने व्हीएचएफ रेडिओवर किनाऱ्यावरच्या केंद्राला नाव, ठिकाण, धोकादायक माल आहे का, जहाजात काही बिघाड आहे का, हे सांगायचं. सहा विभाग मलेशियाची केंद्रं बघतात, तीन सिंगापूर बघतं. मोबाईल एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जातो ना, तसं जहाज एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं.

आणि क्रॉसिंगचं काय? सिंगापूर ते इंडोनेशियाचं बाटाम बेट अशा फेऱ्या दिवसभर ही रांग आडवी कापत असतात. बंदरातून निघालेल्या जहाजांनाही रांग ओलांडावी लागते. त्यासाठी २०११ पासून एक साधा उपाय आहे: रात्री रांग ओलांडणाऱ्या जहाजाने एकावर एक असे तीन हिरवे दिवे लावायचे. जहाजाचा इंडिकेटरच म्हणा. कोट्यवधींच्या यंत्रणेच्या शेजारी तीन बल्ब. मला हा उपाय फार आवडतो.

एआयएस: सर्व्हर नसलेलं नेटवर्क

ॲपमध्ये दिसणारे त्रिकोण एआयएस नावाच्या यंत्रणेतून येतात. ३०० टनेजच्या वरच्या, आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या प्रत्येक जहाजावर आणि सगळ्या प्रवासी जहाजांवर हे यंत्र सक्तीचं आहे. २००४ च्या शेवटापर्यंत ते सगळीकडे बसवायची मुदत होती. यंत्र जीपीएसवरून आपलं ठिकाण घेतं आणि वेग, दिशा, ओळख क्रमांक यांच्यासकट रेडिओवर ओरडून सांगतं. हळू जाणारं जहाज दर १० सेकंदांनी, वेगातलं दर २ सेकंदांनी, नांगर टाकलेलं दर ३ मिनिटांनी. ओळख क्रमांक नऊ आकडी असतो. ४१९ ने सुरू झाला तर जहाज भारतीय. ॲपमध्ये शोधून बघा.

आता इंजिनियरचा प्रश्न: शेकडो जहाजं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलली तर गोंधळ होणार नाही का? ग्रुप कॉलवर सगळे एकदम बोलल्यावर होतो तसा?

इथे डोकं लावलंय. प्रत्येक मिनिटाचे २२५० तुकडे केलेत. एक तुकडा म्हणजे सुमारे २७ मिलिसेकंद. असे दोन चॅनल, म्हणजे मिनिटाला ४५०० जागा. यंत्र आधी ऐकतं, कुठली जागा रिकामी आहे ते बघतं, तिथे आपला निरोप टाकतं आणि त्याच निरोपात ‘पुढच्या वेळी मी अमुक जागेवर बोलणार’ हेही सांगून ठेवतं. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसंच. ऐकणारे बाकीचे ती जागा सोडतात. सगळ्यांची घड्याळं जीपीएसच्या वेळेवर चालतात, त्यामुळे तुकडे जुळतात. मधे कोणी सर्व्हर नाही, लॉगिन नाही, मालक नाही. वेग किती? ९६०० बिट्स प्रति सेकंद. तुमचा एक सेल्फी पाठवायला अर्धा तास लागेल. पण जहाजाचं ठिकाण सांगायला तेवढं पुरतं, आणि ते यंत्र कुठल्याही देशाचं, कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं.

टचस्क्रीनने घातलेला घोळ

मात्र यंत्रणा चांगली असून पुरत नाही. २१ ऑगस्ट २०१७, पहाटे साडेपाचच्या आत-बाहेर. अमेरिकेची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका सिंगापूर सामुद्रधुनीत शिरत होती. बाजूला आल्निक एमसी नावाचा टँकर. युद्धनौकेचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर चालायचा, आणि ही कामं एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर हलवता यायची.

सुकाणूवरच्या खलाशावर ताण येतोय असं वाटून कॅप्टनने वेगाचं काम शेजारच्या स्टेशनवर द्यायला सांगितलं. हलवताना वेगाबरोबर सुकाणूही नकळत तिकडे गेलं. सुकाणूवरच्या खलाशाला वाटलं, सुकाणूच बंद पडलं. मग वेग कमी करायचं ठरलं. पण दोन्ही इंजिनांचे कंट्रोल स्क्रीनवर एकमेकांना जोडलेले नव्हते, त्यामुळे आधी फक्त डावं इंजिन मंदावलं आणि नौका डावीकडे वळली. थेट टँकरच्या समोर. १० खलाशी गेले.

अमेरिकेच्या तपास यंत्रणेने मुख्य दोष अपुरं प्रशिक्षण आणि वरिष्ठांची कमी पडलेली देखरेख यांवर ठेवला, पण स्क्रीनच्या रचनेवरही बोट ठेवलं. २०१९ साली अमेरिकी नौदलाने सांगितलं की अशा नौकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवणार. यूआय बनवणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल वाचावा असं मला वाटतं. ‘सध्या कंट्रोल कोणाकडे आहे’ हे एका नजरेत न दिसणं हा आपल्याकडे साधा बग असतो. तिथे त्याची किंमत वेगळी होती.

आणखी एक गोष्ट. युद्धनौकांना एआयएस सक्तीचं नाही, आणि ही नौका तेव्हा ते प्रसारित करत नव्हती. म्हणजे टँकरच्या स्क्रीनवर तिचा त्रिकोणच नव्हता.

खर्च कोण करणार?

दीपगृहं, समुद्रात नांगरून ठेवलेले तरंगते दिवे, भरती मोजणारी यंत्रं हे सगळं सांभाळायला पैसा लागतो. दिव्यांना जहाजं धडकतात, मिठाने लोखंड गंजतं. मग टोल का घेत नाहीत? सुएझ आणि पनामा घेतात की! पण ते खोदलेले कालवे आहेत. नैसर्गिक सामुद्रधुनीतून जाणं हा १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराने सगळ्यांना दिलेला हक्क आहे. किनाऱ्यावरचा देश तो रोखू शकत नाही, नुसतं जाण्याबद्दल पैसेही मागू शकत नाही.

त्याच कराराचं कलम ४३ म्हणतं, की वापरणाऱ्या देशांनी आणि किनाऱ्यावरच्या देशांनी सुरक्षेसाठी सहकार्य करायला हवं. ‘करायला हवं’, ‘केलंच पाहिजे’ नव्हे. इंटरनेटच्या प्रोटोकॉलची कागदपत्रं वाचलेल्यांना हा फरक माहीत असतो. पहिलं वाक्य म्हणजे विनंती, दुसरं म्हणजे अट.

म्हणजे अवस्था अगदी ओपन सोर्ससारखी. जग वापरतं, सांभाळणारे तिघेच. कित्येक वर्षं बाहेरून भरघोस मदत करणारा एकटा जपान होता, कारण त्याचं बहुतेक तेल इथूनच जायचं. २००७ साली सिंगापूरच्या बैठकीत यावर तोडगा निघाला: सहकार्य यंत्रणा. त्यात तीन भाग. बोलायला एक मंच, प्रकल्पांवर देखरेख करायला एक समिती, आणि दिवे-दीपगृहांसाठी एक निधी. त्या निधीत जपान, दक्षिण कोरिया, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात यांच्याबरोबर भारतानेही पैसे घातलेत. जपानचं निप्पॉन फाउंडेशनही आहे. २००४ च्या त्सुनामीत मोडलेले दिवे पुन्हा बसवायच्या प्रकल्पाला चीनने पैसे दिले.

आपल्याला हे लांबचं वाटतं, पण ग्रेट निकोबार बेट या सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशीच आहे. आणि दोन जहाजं धडकली की काय होतं ते मुंबईने पाहिलंय: ऑगस्ट २०१० मध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ची टक्कर झाली, तेव्हा तेल सांडलं आणि कंटेनर पाण्यात तरंगत होते.

यातली मला सगळ्यात विशेष वाटणारी गोष्ट अशी. ज्या काळात ही यंत्रणा उभी राहत होती, त्याच काळात मलेशिया आणि सिंगापूर एका खडकाच्या मालकीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडत होते. पेद्रा ब्रांका नावाच्या त्या खडकावर १८५१ पासून हॉर्सबर्ग दीपगृह आहे. मे २००८ मध्ये निकाल सिंगापूरच्या बाजूने लागला. खटला चालू असताना दोघे जहाजांची हजेरी मात्र एकत्र घेत होते.

खोटं बोलणारा त्रिकोण

एआयएसची कमजोरी आता तुमच्या लक्षात आली असेल. लॉगिन नाही म्हणजे पडताळणीही नाही. जहाज जे सांगेल ते खरं धरायचं. निर्बंध असलेलं तेल वाहणारी काही जहाजं खोटं ठिकाण सांगतात, किंवा सरळ यंत्र बंद करतात. जुलै २०२४ मध्ये पेद्रा ब्रांकाच्या ईशान्येला हाफनिया नाईल आणि सेरेस १ हे टँकर धडकून पेटले. नंतर सेरेस १ तिथून निघून गेलं. त्याने ट्रॅकिंग बंद केल्याचा संशय मलेशियाच्या तटरक्षक दलाने बोलून दाखवला. शेवटी त्यांनी शोधून ते गाठलं.

एआयएसची पुढची पिढी, व्हीडीईएस, तयार होतेय. तिच्यात डेटाला जास्त जागा आहे, त्यामुळे निरोपावर डिजिटल सही करता येऊ शकते. पण जगभरच्या जहाजांवरची यंत्रं बदलायला वर्षं लागतात. तोवर केंद्रातले ऑपरेटर रडारवरचा ठिपका आणि एआयएसचा त्रिकोण एकमेकांवर बसतोय का, हे बघत असतात. नाही बसला, तर माईक उचलून रेडिओवर त्या जहाजाला हाक मारतात.