फाटे फुटण्यामागचा हिशेब

नदीचा त्रिभुज प्रदेश, कडाडलेली वीज, फुप्फुसाचा साचा आणि पानं झडलेलं झाड, अशी चार छायाचित्रं शेजारीशेजारी लावलेलं एक चित्र समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतं. ते पाठवून एका वाचकांनी विचारलंय: निसर्ग सगळीकडे कमीत कमी श्रमाची वाट धरतो म्हणून हे आकार सारखे, असं म्हणता येईल का?

म्हणणारे आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले एड्रियन बेजान त्यांत आघाडीवर. १९९५मध्ये फ्रान्समधल्या नान्सी इथे रसायनशास्त्रज्ञ इल्या प्रिगोजिन यांनी भाषणात सांगितलं, की असे वृक्षाकार केवळ योगायोगाने घडतात. बेजानना ते पटेना. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला 'कन्स्ट्रक्टल नियम' मांडला: प्रवाही व्यवस्थेला टिकायचं असेल, तर तिच्यातून वाहणं उत्तरोत्तर सुलभ व्हायला हवं. पुढे नद्या, झाडं, विमानं, अगदी विद्यापीठांची क्रमवारीही त्यांनी या नियमात बसवली. माझी अडचण इथेच सुरू होते. सगळंच बसतं म्हटल्यावर न बसणारं कसं असेल, ते कोण सांगणार?

नुसत्या साम्यावर विसंबलं की काय होतं, ते नद्यांच्या अभ्यासात दिसलंय. लहान ओढे, ते मिळून झालेले मोठे ओढे, मग नद्या अशा पायऱ्या केल्या तर दर पायरीला संख्या साधारण तिपटी-पाचपटीने घटते, असं रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५मध्ये दाखवलं. केवढी ही निसर्गाची शिस्त! पण १९६६मध्ये रोनाल्ड श्रीव यांनी ओढे कागदावर यदृच्छेने जोडले, तरी तसंच प्रमाण निघालं. १९९३मध्ये जेम्स कर्चनर यांनी तर दाखवलं, की फाटे असलेलं जवळपास कुठलंही जाळं हॉर्टनचे नियम पाळतंच.

म्हणून या विषयातला पहिला मान मी सेसिल मरे यांना देतो. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर कॉलेजातल्या या संशोधकाने १९२६मध्ये आधी विचारलं, खर्च नेमका कशाचा? विहिरीवरून शेतात पाइपलाइन नेणाऱ्याला हा पेच चांगला ठाऊक असतो: अडीच इंची पाइप टाकला तर मोटार कण्हते, चार इंची टाकला तर खिसा. रक्तवाहिनीचंही तसंच. त्रिज्या निम्मी झाली की तेवढंच रक्त ढकलायला सोळापट जोर लागतो. रुंद ठेवावी तर ती भरायला रक्त जास्त लागतं, आणि रक्त राखणं शरीराला फुकट पडत नाही. दोन्ही खर्चांची बेरीज किमान कधी? मूळ वाहिनीच्या त्रिज्येचा घन फाट्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका असेल तेव्हा, हे मरेंचं उत्तर. म्हणजे दहाच्या वाहिनीला दोन सारखे फाटे फुटले, तर प्रत्येकी सुमारे ७.९. मोजून खरंखोटं करता येईल, असं हे विधान आहे. लहान धमन्यांमध्ये ते बऱ्यापैकी जुळतं. हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत, जिथे रक्त ठोक्यागणिक उसळत येतं, तिथे फसतं.

पण वाहिनीला हे गणित कळतं कसं? घनांचा हा नियम पाळला गेला, की रक्ताचं भिंतीला घासणं सगळीकडे सारखंच राहतं, आणि आतल्या अस्तराच्या पेशींना ते घासणं जाणवतं. कामिया आणि तोगावा या जपानी संशोधकांनी कुत्र्यांच्या मानेतली धमनी शिरेला जोडून तिच्यातला प्रवाह वाढवला. १९८०मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: काही महिन्यांत धमनी इतकी रुंदावली, की घासणं जवळजवळ पूर्ववत झालं. शरीराच्या एकूण खर्चाचा त्या पेशींना पत्ताही नसतो; त्या आपापल्यापुरतं बघतात.

फुप्फुसात आणखी गंमत आहे. तिथेही आदर्श प्रमाण ०.७९च निघतं, पण माणसाच्या बारीक श्वासनलिकांची रुंदी दर फाट्याला सुमारे ०.८५ पट होते, म्हणजे हिशेबापेक्षा सैल. सापोवाल, वायबेल आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये याचा अर्थ लावला: अगदी आदर्श फुप्फुसात नलिका जराशा आकसल्या, तरी फाट्याफाट्याला अडथळा वाढत जाऊन जीव गुदमरेल. दमेकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

आणि पुस्तकात जपलेलं जाळीदार पिंपळपान उजेडात धरून पाहा. बाजूच्या शिरा कडेला पोचण्याआधी वळून एकमेकींना मिळतात, मधली सगळी जागा बारीक बंद चौकटींनी भरलेली असते. पाणी नुसतं देठापासून कडेपर्यंत न्यायचं, तर या चौकटी शुद्ध उधळपट्टी. कॅटिफोरी आणि मॅग्नास्को यांनी लिंबाच्या पानाला भोक पाडून त्यात चमकता रंग सोडला, तेव्हा चौकटींचा उपयोग दिसला: रंग भोकाला वळसा घालून पलीकडे पोचला. जिंकगो या झाडाच्या पानातल्या शिरा मात्र फक्त दुभंगत जातात, पुन्हा जुळत नाहीत. एक शीर तुटली, की तिच्यापुढचा भाग गेलाच. तरीही जिंकगोचं घराणं डायनोसॉरच्या काळापासून टिकून आहे. एका नियमात सगळं बसवणाऱ्यांनी आता या दोन्ही प्रकारच्या पानांचा हिशेब जुळवून दाखवावा.