सिल्वासात पणजोबांचा माग कसा काढाल?

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "आमचे पणजे इथं कुठून आले, सापडेल का रे?" मला हा नाद आहेच, म्हणून थोडं इथेच लिहितो.

आधी काळ ठरवा. नगर हवेली 1783 पर्यंत मराठ्यांकडे, नंतर 1954 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे कागद तीन दिशांना: पेशवे दप्तर पुण्यात, तेही मोडीत, पोर्तुगीज दप्तर पणजीच्या पुराभिलेखागारात, आणि पणजे तलासरी-जव्हारकडून आले असतील, तर शोध ठाणे-पालघरात.

पोर्तुगीज कागदांत 'श' बहुतेकदा एक्सनं लिहिलेला असतो. शंकर शोधताना एस खाली बघत बसलात, तर दिवस फुकट.

जमीन असेल तर पोर्तुगीज काळातले 'अल्वारा' आणि 'तेरम' हे जमीनहक्क तपासा. 1971 च्या जमीन सुधारणा कायद्यानं ते संपले, पण त्यांची कागदपत्रं फार बोलकी.

माझा आवडता रस्ता मात्र त्र्यंबकेश्वरचा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावं, गाव, मुलंनातवंडं नोंदलेली असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगा, आपले उपाध्ये कोण ते तिथं कळतं.

वारली, कोकणा, धोडिया घरांत असं लिखाण क्वचितच. तिथं कुळाचा देव, सोयरिकीची गावं आणि म्हाताऱ्यांची आठवण हेच दप्तर. आजीशी बोलताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला विचारून. हे काम आधी करा, कागद थांबतात.

मोडीतला कागद घरात सापडला तर फोटो टाका. अडलं तर विचारा.