सुगम्य संगणकसेवा : प्रशिक्षण प्रत्येक टेबलापर्यंत

कार्यालयाच्या पायऱ्यांलगत उतार बांधला म्हणजे चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या नागरिकास आत प्रवेश मिळतो. आज मात्र शासकीय कार्यालयाचे एक दार संगणकाच्या पडद्यावरही उघडते. दाखल्याचा अर्ज, शिष्यवृत्तीची यादी, ग्रामसभेची सूचना या साऱ्या गोष्टी त्याच दारातून लोकांपर्यंत पोहोचतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. हे दार त्यांनाही उघडता यावे, हाच संगणकीय सुगम्यतेचा अर्थ होय.

अडचण कोठे आहे ?

अंध व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक वापरते. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली मोठ्याने वाचून दाखविते. ‘एनव्हीडीए’ ही अशी आज्ञावली विनामूल्य मिळते. परंतु तिला मजकूर वाचता येतो, चित्र नव्हे. टंकलिखित परिपत्रकाची प्रत छापून, तीवर सही-शिक्का करून ती स्कॅन केली, की त्या मजकुराचे चित्र होते आणि स्क्रीन रीडर मूक होतो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांची तऱ्हा निराळी. त्यांत मराठी अक्षरे पडद्यावर दिसतात खरी. पण आत रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत साठविलेले असतात. परिणामी ऐकू येतो तो अर्थहीन ध्वनी.

याची किंमत अर्जदारास मोजावी लागते. निवड यादीत आपले नाव आहे किंवा नाही, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. बँक खात्याचा क्रमांक परक्यास सांगावा लागतो. साहाय्य करणारा वेळेवर न भेटल्यास मुदत टळते आणि पात्र व्यक्ती लाभास मुकते.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ अन्वये माहिती व संपर्काची साधने सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर आहे. कलम ४७ तर थेट प्रशिक्षणासंबंधी आहे. पंचायत राज सदस्य, लोकप्रतिनिधी व प्रशासक यांच्या सर्व प्रशिक्षणक्रमांत दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश असावा, असे त्यात नमूद आहे. केंद्र शासनाने संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय सेवांचा लाभ हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला.

कोणी काय शिकावे ?

सर्वांना एकच पाठ देणारे शिबिर फारसे उपयोगी पडत नाही. ज्याच्या हाती जे काम, त्याला त्याच कामातील सुगम्यता शिकविली पाहिजे. लिपिकाने युनिकोडमध्ये टंकलेखन करावे, मथळ्यांसाठी नेमून दिलेल्या शैली वापराव्यात, चित्रास शब्दांत वर्णन जोडावे आणि स्कॅन प्रतीसोबत मूळ मजकुराची प्रतही प्रसिद्ध करावी. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने प्रत्येक रकान्यास नाव द्यावे, केवळ कळफलकाने अर्ज भरता येईल अशी व्यवस्था ठेवावी आणि सर्वसाधारण अक्षरे व पार्श्वभूमी यांतील रंगभेद किमान ४.५ : १ असल्याची खातरजमा करावी. शिक्षकांनी चित्रफितींना उपशीर्षके द्यावीत. त्यामुळे कर्णबधिर विद्यार्थ्यास पाठ समजतो. ग्रामपंचायतीने सूचनेचे छायाचित्र मोबाइलवर पाठविताना त्याखाली तोच मजकूर टंकित करावा. अधिकाऱ्यांनी निविदेतच सुगम्यतेची अट घालावी व चाचणीनंतरच काम स्वीकारावे.

प्रशिक्षणाची रीत

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरते. माउस बाजूस ठेवून, पडदा झाकून, आपल्याच कार्यालयाचा अर्ज केवळ ऐकून भरण्याचा प्रयत्न प्रत्येकाने करावा. कोठे अडते, ते मग वेगळे सांगावे लागत नाही. ही साधने रोज वापरणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना प्रशिक्षक म्हणून पाचारण करावे व त्यांना रीतसर मानधन द्यावे.

बदली झाली की शिकलेला कर्मचारी जातो आणि टेबल पुन्हा पूर्ववत होते. म्हणून हा विषय नवनियुक्तांच्या पायाभूत प्रशिक्षणात असावा, दरवर्षी त्याची उजळणी व्हावी आणि प्रत्येक कार्यालयात एका व्यक्तीवर त्याची जबाबदारी सोपवावी. यशाचे मोजमाप हजेरीपटावरून करू नये. प्रशिक्षणापूर्वीची व नंतरची काही परिपत्रके स्क्रीन रीडरवर तपासावीत. किती वाचता आली, यावरून प्रगती कळेल.

यांतील बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. लागते ती सवय. पुढचे परिपत्रक टंकित करतानाच तिचा प्रारंभ होऊ शकेल.