कोल्हापूर जिल्हा पोलीस: निधी आणि उत्तरदायित्व

कोल्हापूर जिल्हा पोलीस हा महाराष्ट्र पोलीस दलाचा जिल्हास्तरीय घटक असून पोलीस अधीक्षक हे त्याचे प्रमुख असतात. कोल्हापुरास स्वतंत्र पोलीस आयुक्तालय नसल्याने शहर व ग्रामीण भाग दोन्ही अधीक्षकांच्या अखत्यारीत येतात. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे चंदगड पोलीस ठाणे गडहिंग्लज उपविभागात मोडते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मात्र त्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला.

अमेरिकेतील बहुतेक काउंटींमध्ये शेरीफ हा पोलीसप्रमुख मतदानाने निवडला जातो आणि त्याच्या खर्चास काउंटीचे मंडळ मंजुरी देते. भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे अधीक्षकांची नेमणूक राज्य शासन करते आणि जिल्हा परिषद वा पंचायत समिती यांना पोलिसांच्या कारभाराविषयी जाब विचारण्याचा वैधानिक अधिकार नाही.

निधी

पोलिसांचे वेतन, इंधन, कार्यालयीन खर्च इत्यादींची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात गृह विभागाच्या मागण्यांमधून होते. महसुली खर्च २०५५ आणि भांडवली खर्च ४०५५ या लेखाशीर्षांखाली दाखवला जातो. विधानसभा या मागण्या मंजूर करते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक लेखे तपासतात आणि त्यांचे अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातात. वाहतूक दंडाची रक्कम पोलीस ठाण्याकडेच राहते, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात ती शासनाच्या तिजोरीत जमा होते.

स्थानिक पातळीवरील वाटा मुख्यतः जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात. वाहने, सीसीटीव्ही कॅमेरे अशा बाबींसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे दिले जातात. म्हणजे जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी पोलिसांना गाडी देऊ शकतात, तिच्या वापराचा हिशेब मात्र गृह विभागाकडेच जातो.

तक्रारनिवारण

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्यास नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार माहिती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांकडे पाठवता येते. त्यानेही भागले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पोलिसांच्याच गैरवर्तनाची तक्रार असल्यास मार्ग लांबतो. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य व जिल्हा अशा दोन्ही स्तरांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक मानण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यात दुरुस्ती केली. परंतु जिल्ह्याऐवजी महसुली विभागासाठी प्राधिकरण ठेवले आणि अपवादात्मक प्रकरणी लेखी कारणे देऊन राज्य प्राधिकरणाचा अहवाल नाकारण्याची मुभा शासनास राहिली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती डावलून केलेली अटक, खंडणी, भ्रष्टाचार आणि जमीन वा घर बळकावणे या तक्रारी प्राधिकरणाच्या कक्षेत येतात.

पुणे विभागात कोल्हापूरसह पाच जिल्हे आहेत. विभागाचे मुख्यालय असलेले पुणे चंदगडहून ३०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. चंदगडकरांना दवाखाना व बाजारासाठी जवळचे असलेले बेळगाव येथे उपयोगाचे नाही, कारण ते दुसऱ्या राज्यात आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या तक्रारदारासाठी हे अंतर कायद्यातील कोणत्याही अटीइतकेच अडचणीचे ठरते. उच्च न्यायालयापुरते मात्र ते घटले आहे: मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले आणि जिल्ह्यातील रिट याचिकांसाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही.

कॅमेऱ्यांचा पुरावा

परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. त्यांच्या खरेदीसाठी पुरेसा निधी देण्याची जबाबदारी राज्यांवर, तर देखरेख जिल्हास्तरीय समितीवर सोपवली. या समितीत जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या प्रमुखांनाही स्थान आहे. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधीस पोलीस ठाण्याच्या आत डोकावू देणारी अशी तरतूद विरळाच. चित्रण १८ महिने जपून ठेवणे अपेक्षित आहे; तशी साधने बाजारात उपलब्ध नसल्यास किमान एक वर्ष. त्यानंतर ते पुसले जाऊ शकते, म्हणून कोठडीतील मारहाणीची तक्रार करणाऱ्याने चित्रण राखून ठेवण्याची मागणी प्रारंभीच लेखी करणे महत्त्वाचे ठरते.