मोज्याची बाहुली आणि सुईची भीती

आरोग्याच्या सदरात आज बाहुल्या कशा काय आल्या, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण साधे आहे. लहान मुलांच्या दुखण्यात औषधाच्याही आधी एक अडचण उभी राहते, ती म्हणजे मूल बोलत नाही. कुठे दुखते, कधीपासून दुखते, काय खाल्ले, कुठे पडले, यातले काहीही ते सांगत नाही. त्याला सुईची भीती वाटते, आणि ही भीती पुष्कळदा आपणच घातलेली असते. "मुकाट्याने जेव, नाहीतर डॉक्टरकाका टुच्च करतील," ही धमकी कोणत्या घरात दिली जात नाही? मग खरोखर काही झाले की तेच मूल दुखणे लपवते.

ही गाठ सोडवायला साधी घरगुती बाहुली चांगली उपयोगी पडते, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

बाहुल्यांचे खेळ आपल्याला नवे नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रकथी या कला पिढ्यानपिढ्या जपल्या. त्या टिकवल्याबद्दल तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोरीवर नाचणारी राजस्थानची कठपुतळी, पडद्यामागून दिसणारी आंध्रची चामड्याची बाहुली, बंगालमधली काठीवरची बाहुली आणि केरळात पावकथकळीत हातावर चढवतात ती बाहुली, असे आपल्या देशातले चार मुख्य प्रकार आहेत. आणि रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव कोणाला माहीत नाहीत? बोलतात पाध्ये, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी आपण पाहतो अर्धवटरावांकडेच.

मुलांचेही तसेच होते. बाहुली डॉक्टरांच्या हातात आहे हे मुलाला दिसते, पण ते बोलते बाहुलीशी. एरवी आजारी मूल हेच एक कळसूत्री बाहुले झालेले असते. मोठी माणसे त्याचा हात धरतात, तोंड उघडतात, कुशीवर वळवतात. बाहुली हातात आली की दोरी थोडा वेळ त्याच्या हाती येते.

एक अनुभव

एका आजीबाईंनी सहा वर्षांच्या नातीला तापासाठी आणले होते. मुलगी तोंड उघडेना. माझ्या टेबलावर जुन्या पायमोज्याची एक बाहुली असते, तिला मुले 'मोजेराव' म्हणतात. मोजेरावांनी विचारले, "माझा पाय दुखतो गं, तुझं काय दुखतं?" मुलगी हळूच मोजेरावांच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "मला गल्लीतल्या पिल्लाने ओरबाडलंय." पोटरीवर चार दिवसांपूर्वीचा बारीक ओरखडा होता. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील असे कोणीतरी तिला सांगितल्यामुळे तिने घरी ब्रही काढला नव्हता. ताप साध्या सर्दीचा होता, पण रेबीजची लस त्याच दिवशी सुरू केली. आज ती मुलगी ठणठणीत आहे.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. कुत्रे, मांजर किंवा माकड चावले वा ओरबाडले, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला असेल तरी जा. पोटातली ती इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात, पद्धतीनुसार चार किंवा पाच वेळा जावे लागते. जखमेतून रक्त आले असेल तर तिच्याभोवती वेगळे औषधही टोचावे लागते. हे मुलांनाही सांगा.

बाहुली कशी करावी?

स्वच्छ धुतलेला जुना पायमोजा घ्या. त्यात हात घालून चार बोटे वर आणि अंगठा खाली ठेवा. मधला भाग आत दाबला की तोंड तयार होते. तेथे दोन टाके घाला. डोळे रंगीत दोऱ्याने भरा, केसांना लोकर शिवा, जिभेला लाल चिंधी लावा. मोजा नसेल तर वाण्याची खाकी कागदी पिशवीही चालते. तिच्या तळाच्या घडीवर चेहरा काढावा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची चित्रे कापून, काडीला कणकेच्या खळीने चिकटवून, धोतराच्या पडद्यामागे सावल्यांचा खेळही करता येतो.

काळजी एवढीच घ्या. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर बटणे, मणी, टिकल्या लावू नका. ते घशात अडकतात. सावल्यांसाठी दिवा-मेणबत्ती नको, बॅटरी पुरे. आणि खेळासाठी वापरलेली सिरिंज कधीही देऊ नका. टोपण लावलेले पेन हीच सुई.

खेळ कसा खेळावा?

मुलाला डॉक्टर करा आणि बाहुलीला रोगी. बाहुलीला रडू द्या, घाबरू द्या. मूल तिची समजूत काय घालते ते ऐका. त्याच्या मनातली भीती तेथेच कळते. खोटे मात्र बोलू नका. "अजिबात दुखणार नाही" म्हणून टोचले, तर पुढच्या वेळी मूल तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही आणि डॉक्टरवरही. "थोडे टोचेल, दहा आकडे मोजेपर्यंत संपेल, मी जवळ आहे," असे बाहुलीला सांगावे. मुलाला नको असेल तर बळेच खेळवू नये. बाहुलीला त्याने काही गंभीर सांगितले, तर न रागावता, खोदून खोदून न विचारता ऐकून घ्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाहुलीने आजार बरा होत नाही. पण आजार वेळेवर कळतो, तपासणी नीट होते, आणि लस घेताना चार जणांना मुलाला धरावे लागत नाही. पाच वर्षांच्या मुलांचा त्रिगुणी लसीचा डोस जवळ आला असेल, तर दोन-तीन दिवस आधी हा खेळ सुरू करा. दवाखान्यात येताना बाहुलीलाही बरोबर आणा. आधी तिची छाती तपासा म्हटले, तर सहसा कोणी डॉक्टर नाही म्हणणार नाही.